नर्सिंग नाशिकला, जर्मन पुण्याला

रत्नागिरी,
मृगाचा पहिला आठवडा

चि. बायोस,



तुझा मेसेज मिळाला. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आलीस, वर्गातल्या निम्म्या मुली ड्युटी संपली की जर्मनच्या क्लासला पळतात, दोघी-तिघी जपानीला जातात आणि तू मधल्यामध्ये लटकली आहेस. "आबा, तुम्ही जन्मभर परकी भाषा शिकवलीत, आता तुम्हीच सांगा." शेवटी सहज म्हणून एक ओळ जोडलीस, "आणि हे सगळं कॉलेजातच का शिकवत नाहीत हो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मेसेजमध्ये मावलं असतं. दुसऱ्याला कागद लागतो, म्हणून पत्र.

आधी पहिलं उरकतो. जर्मन घे. जर्मनीत परदेशी परिचारिकेची पदवी तपासून तिला परिचारिका म्हणूनच मान्यता देण्याची रीत बसलेली आहे आणि त्यासाठी भाषा साधारणपणे बी-टू पातळीची लागते. जपानने २०१९ पासून 'विशिष्ट कौशल्य' व्हिसावर परदेशी माणसं घ्यायला सुरुवात केली, २०२१ च्या जानेवारीत भारताशी त्याचा करारही झाला. भाषेची अट सोपी आहे, एन-फोरवर भागतं. पण त्या वाटेने तू जाशील ती वृद्धांची काळजीवाहक म्हणून. तिथली नोंदणीकृत नर्स व्हायचं तर त्यांची राष्ट्रीय परीक्षा जपानीतच द्यावी लागते. चार वर्षांचं नर्सिंग खुंटीला टांगून जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. आणि कुठलाही एजंट "पासपोर्ट आमच्याकडे राहू दे" म्हणाला, की चपला घालायच्या आणि निघायचं.

आता तुझी ती शेवटची ओळ.

तुझं कॉलेज पुण्यात. ते ज्या विद्यापीठाला जोडलेलं आहे ते नाशिकला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली झालेलं. अभ्यासक्रमाचा साचा येतो दिल्लीहून, भारतीय परिचर्या परिषदेकडून. त्यात इंग्रजी संभाषणाचा विषय आहे. तो पहिल्याच सत्रात संपतो, आणि भाषेचं नाव तिथेच सुटतं. पुण्यात जर्मन शिकवणारं विद्यापीठाचं खातं आहे फर्गसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात. ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. तुझ्या हॉस्टेलवरून रिक्षाने जाशील, पण तिथे शिकलेलं तुझ्या पदवीच्या हिशेबात धरायला दोन विद्यापीठांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि विद्यापीठं एकमेकांशी बोलत नाहीत. इकडे रत्नागिरीतही तीच तऱ्हा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मुलं मत्स्यशास्त्र शिकतात, ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. गोगटे-जोगळेकर मुंबई विद्यापीठाचं. आणि मुंबई विद्यापीठाची फ्रेंच, जर्मन, रशियन ही खाती बसलेली कलिन्याला. मासळीवाल्या मुलाला जपानी लागेल, नर्सला जर्मन लागेल, वकिलाला फ्रेंच लागेल, हे प्रत्येकाला कळतं. पण परकी भाषा ही आपल्याकडे कला शाखेची मालमत्ता. ज्याने भाषा घेतली त्याला दुसरा विषय नसतो आणि ज्याच्या हातात विषय आहे त्याला भाषेच्या वर्गात पाऊल टाकता येत नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे. पुस्तकं जुनी, शिक्षक कमी, हे सगळं खरं, पण ते नंतरचं.

माझ्याच विषयाची गोष्ट ऐक. मी रशियन शिकवायला लागलो तेव्हा वर्गात बसायला जागा नसायची. १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला होता. भिलाईचं पोलाद, मिग विमानं, लोकवाङ्मय गृहात स्वस्तात मिळणारी मॉस्कोत छापलेली देखणी मराठी पुस्तकं, सगळीकडे रशिया होता. रशियन येणाऱ्या पोराला दुभाष्याचं काम हमखास मिळायचं. १९९१ च्या डिसेंबरात तो देशच नकाशावरून गेला आणि पुढच्या काही वर्षांत वर्ग ओस पडले. मी ज्या विद्यापीठात होतो तिथल्या एका बैठकीत सरळ विचारलं गेलं, की आता रशियनची गरज ती काय? मी निवृत्त झाल्यावर ती जागा भरलीच नाही.

आणि त्याच वर्षांत, नाशिकजवळ ओझरला, १९६४ साली मिगसाठी उभा राहिलेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना चालूच होता. पुढे तिथेच सुखोई-३० बनू लागली, आणि त्या विमानाचे कागद मुळात रशियनमध्ये. नौदलाने विक्रमादित्य घेतली, ती २०१३ च्या नोव्हेंबरात सेव्हेरोद्विन्स्कच्या गोदीत आपल्या ताब्यात आली. त्याआधी आपले शेकडो नौसैनिक त्या हाडं गोठवणाऱ्या मुलखात राहून ती चालवायला शिकले. गरज गेली नव्हती. विद्यापीठाला ती दिसली नाही, कारण आपल्याकडे गरज मोजतात प्रवेशाच्या अर्जांवरून. यंदा किती अर्ज आले? जपानीला वाढले, रशियनला घटले. झालं, देशाची गरज ठरली! बाजाराची हवा फिरली की खातं बंद, हवा परत फिरली की तहान लागल्यावर विहीर खणायची.

आता तू म्हणशील, आबा, पण परक्या भाषा तर आपल्याकडे खूप मुलं घेतात. अकरावी-बारावीला मराठी किंवा हिंदी सोडून फ्रेंच, जर्मन घेणाऱ्यांची मुंबई-पुण्यात रांग असते. असते ना. विषय 'स्कोअरिंग' आहे म्हणून. मी तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून जायचो, तेव्हाचा एक नमुना सांगतो. मुलगी आली, हसरी, हुशार. मी त्या भाषेत विचारलं, काल रात्री काय जेवलीस? ती म्हणाली, माझ्या कुटुंबात चार माणसं आहेत. मी म्हटलं, छान, पण जेवलीस काय? ती म्हणाली, माझे वडील अभियंता आहेत, आई गृहिणी आहे. उच्चार स्वच्छ, व्याकरणात एक चूक नाही, आणि मी कुठल्या दिशेने आलो याचा तिला पत्ता नाही. लेखीत तिला नव्वदच्या वर मार्क होते. तिला नावं ठेवू नकोस. आम्ही जे मागत होतो ते तिने चोख दिलं होतं. तिच्यामागून आलेल्या मुलाच्या कुटुंबातही चारच माणसं निघाली, आणि त्याच्या पुढच्याच्याही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला 'ओपन इलेक्टिव्ह' आलं, त्यात काही कॉलेजांनी दोन क्रेडिटची जर्मन, दोन क्रेडिटची जपानी सुरू केली. हेतू चांगला, हिशेब वाईट. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास, म्हणजे दोन क्रेडिटला तीस. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने बी-टूपर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, म्हणजे घड्याळाचे ४५० ते ६०० तास. दर सत्राला तीस तास धरलेस तर पंधरा ते वीस सत्रं. तुझी पदवी आठ सत्रांची. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना जपानी, चिनी, अरबी शिकवताना २,२०० तास धरतं. ते इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. मराठी माणसाला जपानी थोडी सोपी जाते, कारण क्रियापद त्यांचंही शेवटी येतं आणि विभक्तीचे प्रत्यय त्यांचेही नामाच्या पाठीमागे लागतात. तरी किती सोपी? लिपी शिकता शिकता वर्ष जातं. तीस तासांत नमस्कार-चमत्कार होतात आणि प्रमाणपत्र मिळतं. ते घेऊन मुलगा समजतो आपल्याला भाषा येते, कॉलेज समजतं आपण शिकवली.

शिकवतं कोण? तासिका तत्त्वावरचे शिक्षक. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी खाजगी क्लासमध्ये, आणि मानधन कधी येईल ते देवाला ठाऊक. माझे कितीतरी चांगले विद्यार्थी या पायपिटीला कंटाळून कंपन्यांत गेले. कंपनी त्याच भाषेचे महिन्याच्या महिन्याला पैसे देते. त्यांना दोष कशाला देऊ?

आता 'राष्ट्राची गरज' हा शब्द. तो ऐकला की पुढाऱ्यांचं भाषण आठवतं, पण ज्यांनी तो गांभीर्याने घेतला त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५८ साली त्यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. नावात संरक्षण, पण आत गणित-विज्ञानाच्या जोडीला परक्या भाषांसाठी वेगळा भाग होता. जगातल्या ज्या भाषा अमेरिकेत कोणी शिकत नाही त्या हुडकून विद्यापीठांना पैसे द्यायचे, असा. त्यात आशियाच्या भाषा आल्या, शिकागो-पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी आपली मराठीही आली. म्हणजे बायो, एके काळी मराठी ही अमेरिकेची राष्ट्रीय गरज होती! आपल्याकडच्या किती जणांना ती तशी वाटली कोण जाणे. मॅक्सीन बर्नसन या बाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलीवर पेनसिल्व्हेनियात प्रबंध लिहिला, जाई निंबकरांच्या सोबतीने परदेशी माणसाला मराठी शिकवणारी पुस्तकं तयार केली, पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन फलटणलाच राहिल्या आणि मराठी मुलांसाठी कमला निंबकर बालभवन काढलं. कुठल्या वॉशिंग्टनच्या बाबूने हे योजलं असेल? पण भाषा नीट, पुरेसे तास देऊन शिकवली की तिची फळं अशी कुठेही लागतात.

त्याआधीचे इंग्रज तर सोडूनच दे. केरीने मराठीचं व्याकरण छापलं १८०५ साली, पेशवाई बुडायच्या आधी. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. आणि आपल्याकडे फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस दरबारात नेमलेला, पण इंग्रजी जाणणारा माणूस पुण्यात शोधावा लागे. शेजारी बसून आपली पत्रं वाचू शकणाऱ्याची पत्रं आपल्याला वाचता येत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीला हे कळलं नाही असं नाही. संरक्षण मंत्रालयाने १९४८ सालीच परकीय भाषांची शाळा काढली. १९६५ ला रशियन अभ्यासाची संस्था निघाली, ती पुढे जेएनयूत गेली. परराष्ट्र सेवेत निवडलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागते. पण हे सगळं केंद्राच्या खात्यावर. राज्यांच्या विद्यापीठांना वाटलं, देशाची गरज हा केंद्राचा विषय, आपण वाङ्मयाचे पेपर घेत बसू. आणि केंद्रालाही कधी कधी झटका येतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवता येतील अशा परक्या भाषांची नावं दिली, त्यात कोरियन आहे, थाई आहे, पोर्तुगीज आहे. चिनी नाही. आदल्या वर्षीच्या मसुद्यात ती होती. ज्या शेजाऱ्याशी सीमेवर सैन्य उभं आहे त्याचीच भाषा यादीतून गाळायची, याला मी शहाणपण म्हणणार नाही. भांडण असेल तर ती दुप्पट शिकवायला हवी.

पण दिल्ली राहू दे. मी तुला इथलंच दाखवतो, कारण लोकांना वाटतं परकी भाषा ही विमानात बसणाऱ्यांची गोष्ट.

राजापूर तालुक्यातलं माडबन. जैतापूरचा अणुप्रकल्प. २०१० च्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना अरेवा या फ्रेंच कंपनीशी करार झाला. सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅट, मिळून ९,९००. पुढे अरेवाचं काम ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेलं. २०११ च्या एप्रिलात साखरी नाट्याला गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. बाजूचे, विरोधातले, सगळे तावातावाने बोलत होते. आता हे बघ, याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामनव्हिलला २००७ पासून बांधली जात होती. २०१५ च्या एप्रिलात तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केलं की भट्टीच्या पात्राच्या झाकणाच्या आणि तळाच्या पोलादात कार्बनचं प्रमाण नको तितकं आहे. त्यावर तिथे वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला, तो फ्रेंचमध्ये. ती भट्टी अखेर २०२४ च्या डिसेंबरात वीज द्यायला लागली, ठरल्यापेक्षा बारा वर्षं उशिरा. माडबनच्या माणसाला हे सगळं कळलं इंग्रजी वर्तमानपत्राच्या चौकटीतून, तेही गाळून. रत्नागिरीत फ्रेंच येणारे पाच अभियंते आणि दोन वकील असते तर प्रकल्पाच्या बाजूचा वाद आणि विरोधातला वाद, दोन्ही जरा वरच्या पातळीवर झाले असते. ही राष्ट्राची गरज नव्हे तर काय? कोणाला नोकरी लागण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. म्हणूनच ती कुणाच्या यादीत नसते.

आपला इतिहाससुद्धा दुसऱ्यांच्या भाषांत पडलाय. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी दाभोळ जाळलं, त्याचा तपशील पोर्तुगीजमध्ये. त्याआधी पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतताना दाभोळहूनच गलबतात बसला, ते रशियनमध्ये. (हे मी प्रत्येक वर्गाला सांगायचो, आणि प्रत्येक वर्गात चिपळूणचा एखादा पोरगा ताठ बसायचा.) शिवकाळाचं आणि पेशवाईचं पोर्तुगिजांशी काय चाललं होतं हे आपल्याला कळलं ते पांडुरंग पिसुर्लेकरांमुळे. गोव्याच्या दफ्तरखान्यात जन्म घालवून त्यांनी कागद काढले, आणि त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' १९६७ साली पुणे विद्यापीठाने छापलं. पुस्तक छापलं हे विद्यापीठाचं पुण्य. पण दुसरा पिसुर्लेकर तयार व्हावा म्हणून इतिहासाच्या एम.ए.ला पोर्तुगीज सक्तीची करावी, हे कोणाच्या मनात आलं नाही. फारसीचंही तेच. ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी गेले, आणि फारसी साधनं मुळातून वाचणारे शोधावे लागतात.

आणखी खाली उतर. मिरकरवाड्याच्या जेटीवर उभी राहा. ट्रॉलरवरचे निम्मे खलाशी नेपाळी, आंब्याच्या बागा राखायला येतात तेही नेपाळी. तांडेल त्यांच्याशी मोडकी नेपाळी बोलतो आणि समुद्रात त्यावर काम निभावतं. आजारी पडलेल्या खलाशाला सिव्हिलला आणलं की मात्र डॉक्टर आणि तो एकमेकांकडे बघत बसतात. राजिवड्याच्या, कर्ल्याच्या घराघरांतली माणसं कुवेत-कतारला वीस-वीस वर्षं राहून आलेली. बोली अरबी त्यांना सहज येते. त्यांच्या मुलांना मदरशामुळे अरबी लिपी वाचता येते, अर्थ लागत नाही. बापाला बोलता येते, मुलाला वाचता येते, दोन्ही एकत्र केलं तर अरबीचा अर्धा अभ्यासक्रम झालेलाच आहे! पण हे ज्ञान कुठल्याच विद्यापीठाच्या वहीत मांडलेलं नाही. आपण अरबी शिकवायची म्हटली की पहिल्या पानापासून सुरू करणार.

हापूसचं तुला माहीतच आहे. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ ला भारताचा आंबा बंद केला, २००६ ला उघडला, तोही वाफेची प्रक्रिया करून, त्यांच्या निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत. युरोपने २०१४ च्या मे महिन्यात बंदी घातली, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. एवढं होऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात फळशास्त्राच्या जोडीला जपानी घ्यायची सोय असावी, हे कोणाला सुचू नये? त्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसाच्या पहिल्या चौदा क्षेत्रांत शेती आहे आणि मासेमारीही आहे. म्हणजे शिरगावचा पदवीधर आणि तिथली मत्स्यशेती यांच्यामध्ये आडवी आहे ती फक्त भाषा.

आणि आता तुझ्याच जिव्हाळ्याचा करार. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण पाठवायचे, त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च राज्याने करायचा. परिचारिका यादीत वरच. कल्पना मला आवडली. पण काम सोपवलं शालेय शिक्षण विभागाकडे. ज्या राज्याच्या विद्यापीठांत जर्मनची खाती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, तिथे दहा हजारांना जर्मन शिकवायची वेळ आली तेव्हा सरकारला विद्यापीठाची आठवण होत नाही. मी सरकारला हसत नाही, आमच्या जमातीला हसतो. आम्ही इतकी वर्षं ग्योथे आणि पुश्किन शिकवले, वॉर्डातली जर्मन आम्हाला येते असं कोणाला वाटावं तरी कशावरून?

वॉर्डातली भाषा म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. रात्रपाळी संपताना पुढच्या सिस्टरला हवाला द्यायचा, कोणाचा ताप उतरला, कोणाची नळी काढली, कोणाला शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं. चुकून एक आकडा इकडचा तिकडे झाला की संपलं. म्हातारी सांगते दुखतंय. ठणकतंय, सलतंय, की चमक मारतेय? आणि ती म्हातारी क्लासमधली जर्मन बोलणार नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गात ती श्वाबियन बोली बोलेल, जशी आपली गुहागरची आजी पुण्याच्या डॉक्टरला कळत नाही तशी. हे बी-टूच्या पुस्तकात नसतं. हे शिकवायला भाषेचा शिक्षक आणि नर्सिंगचा शिक्षक एका वर्गात उभे राहायला हवेत. कोणी तुला डॉ. कोटणीसांचं उदाहरण देईल, की सोलापूरचा माणूस १९३८ ला चीनला गेला आणि तिथेच चिनी शिकला. खरं आहे. पण तिथे जखमी सैनिक त्यांची परीक्षा घेत नव्हते आणि मान्यतेचा कागद मागत नव्हते. जर्मनीत तुझी घेतील.

माझं म्हणणं फार मोठं नाही. रशियनच्या एम.ए.ला विद्यार्थी नाहीत म्हणून रडणं सोडावं आणि परकी भाषा दुसऱ्या पदवीच्या अंगाने शिकवावी. पहिल्या वर्षापासून शेवटापर्यंत, एकच भाषा, दर आठवड्याला सहा-आठ तास, उन्हाळ्यात सलग, आणि शेवटी बाहेरच्या मान्य परीक्षेला बसवून. आठवड्याला सहा तास धर, वर्षाचे तीस आठवडे, तर चार वर्षांत ७२० तास होतात. बी-टू त्यात बसतं. क्रेडिट एका विद्यापीठातून दुसऱ्यात न्यायची सोय २०२१ पासून कागदावर आहेच, तिला 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' म्हणतात. बँक उघडली, पण नर्सिंगच्या मुलीने रानड्यात भरलेला पैसा नाशिकच्या खात्यात जमा करून दाखवावा कोणीतरी. दर विद्यापीठाने एखादी अशी भाषा धरावी जिला आज गिऱ्हाईक नाही, ब्रह्मी, सिंहली, फारसी, आणि पाच विद्यार्थी आले तरी ती वीस वर्षं सोडू नये. ब्रह्मदेशाचा राजा थिबा तीस वर्षं या गावात कैदेत राहिला, १९१६ साली इथेच वारला. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीला आले. ब्रह्मी शिकवायला रत्नागिरीपेक्षा चांगलं निमित्त कुठल्या गावाला आहे? आणि शिक्षकांच्या जागा कायम भरा, एवढं तर सगळेच म्हणतात. मीही म्हणतो.

लोक म्हणतील, हे सगळं म्हणजे मुलांना बाहेर घालवायचा उद्योग. थोडं आहेच तसं. पण रानड्यात गेली कितीतरी वर्षं जे सगळ्यांत चांगलं घडलं ते पदवीच्या वर्गात घडलं नाही, सकाळ-संध्याकाळच्या अर्धवेळ कोर्सात घडलं. टेल्को-बजाजमधला इंजिनियर, बँकेतला कारकून, संस्कृतची प्राध्यापक, एका बाकावर जर्मन शिकत बसायचे. त्यातले बहुतेक कुठेही गेले नाहीत. पुण्याच्या कारखान्यांना त्यांचा उपयोग झाला, पुण्याच्या पुस्तकांना झाला. मला हवं आहे ते एवढंच, की तो कडेचा कोर्स मधोमध यावा.

तू काय करायचं ते सांगतो. ए-वनच्या वर्गाला या महिन्यातच नाव घाल, परीक्षेची वाट बघू नकोस. वॉर्डमधल्या मैत्रिणींना गोळा कर आणि प्राचार्यांना एक अर्ज द्या: ड्युटीच्या वेळा सांभाळून कॉलेजातच जर्मनचे वर्ग हवेत, बी-टूपर्यंत हवेत, आणि त्यांचे क्रेडिट पदवीत धरावेत. एक प्रत नाशिकच्या कुलगुरूंना, एक रानड्यातल्या विभागप्रमुखांना. उत्तर येणार नाही असं समजूनच लिहा आणि महिन्याने स्मरणपत्र टाका. विद्यापीठात मी जे थोडंफार घडताना पाहिलं ते स्मरणपत्रांनी घडलं. तुझा दादा मुंबई विद्यापीठाचा पदवीधर आहे, त्याने अजून नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव घातलेलं नाही. त्याला सांग, अधिसभेची निवडणूक येईल तेव्हा मत मागायला येणाऱ्याला विचार, रत्नागिरी उपकेंद्रात एक तरी परकी भाषा बी-टूपर्यंत कधी शिकवणार?

अर्जाचा मसुदा मला पाठव, मी मराठी तपासून देतो. पंधरा दिवसांच्या आत पाठव, आणि खाली पहिली सही तुझी असू दे.

तुझा,
आबा